युद्धनौकेच्या अखेरच्या बचावाची तोफ: मेटल स्टॉर्म आणि फॅलँक्स यांची तुलना

क्षेपणास्त्र जहाजाच्या अगदी जवळ येऊन ठेपल्यावर जी तोफ चालवायची, तिची पारख केवळ मिनिटाला किती गोळ्या सुटतात या आकड्यावर करू नये, असे माझे ठाम मत आहे. ऑस्ट्रेलियाच्या मेटल स्टॉर्म कंपनीने विकसित केलेली विजेवर पेटणारी तोफ आणि युद्धनौकांवर बसवली जाणारी अमेरिकी तोफ फॅलँक्स यांची तुलना करू लागलो की हे मत अधिकच पक्के होते.

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत बोअरचे (नळीच्या आतल्या पोकळीचे) माप आणि फिरत्या भागांची झीज तपासण्यात ज्यांचा दिवस जातो, त्यांना मेटल स्टॉर्मची रचना पहिल्या नजरेत आवडेल. माइक ओ'ड्वायर यांच्या या कल्पनेत एकाच नळीत गोळ्या एकीमागे एक भरलेल्या असतात, प्रत्येक गोळीमागे तिची दारू असते आणि ती विजेच्या संकेताने पेटवली जाते. गोळी आत ढकलणारा पट्टा नाही, नळीचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट नाही आणि बाहेर फेकायची रिकामी पुंगळीही नाही. फॅलँक्समध्ये याच्या अगदी उलट स्थिती आहे. तिच्यातील २० मिलिमीटरच्या व्हल्कन तोफेच्या सहा नळ्या गरगर फिरत असतात आणि एका फेरीत प्रत्येक नळी काडतूस घेणे, कुलूपबंद करणे, उडवणे आणि पुंगळी काढणे ही सगळी कामे उरकते. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी की व्हल्कनची काडतुसेही विजेनेच पेटतात. त्यामुळे मेटल स्टॉर्मचे खरे नावीन्य विजेच्या वापरात नसून यंत्रणा गाळून टाकण्यात आहे.

आता वेगाकडे वळू. मेटल स्टॉर्मच्या ३६ नळ्यांच्या प्रायोगिक तोफेचा वेग मिनिटाला १० लाखांहून अधिक गोळ्या असा सांगितला गेला आणि त्याचा गाजावाजाही झाला. प्रत्यक्षात त्या चाचणीत १८० गोळ्या सुमारे ०.०१ सेकंदात सुटल्या आणि नळ्या रिकाम्या झाल्या. फॅलँक्स मिनिटाला ४,५०० म्हणजे सेकंदाला ७५ गोळ्या सोडते, आणि तिच्या नव्या आवृत्त्यांतील १,५५० गोळ्यांचा साठा अखंड मारा केल्यास सुमारे २० सेकंद पुरतो.

या २० सेकंदांचे मोल काय, हे नाशिककराला समजावून सांगावे लागणार नाही. देवळालीच्या तोफखाना विद्यालयाचे 'तोपची' प्रात्यक्षिक ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ठाऊक आहे की पहिला गोळा कुठे पडला हे पाहून निरीक्षक दुरुस्ती कळवतो आणि त्यानंतरच खरा मारा सुरू होतो. फॅलँक्सचे रडार हेच काम समुद्रावर करते: ते येणाऱ्या क्षेपणास्त्राबरोबर स्वतःच्या गोळ्यांचाही माग घेते, दोहोंतील अंतर मोजते आणि नळ्यांचा नेम सरकवत राहते. दीड किलोमीटरवर पोहोचायला गोळीला दीड सेकंदाहून अधिक वेळ लागतो, म्हणजे ०.०१ सेकंदात सगळा दारूगोळा उधळून बसलेल्या तोफेला आपली चूक कळेपर्यंत सुधारायला हातात काहीच उरलेले नसते. नळ्यांचे अनेक संच बसवून ते टप्प्याटप्प्याने उडवता येतील हे खरे, परंतु रिकामा झालेला प्रत्येक संच बदलावा लागेल, आणि हल्ला चालू असताना डेकवर ते काम कोण करणार?

दुसरा दोष नळीच्या आतच आहे. सर्वांत पुढच्या गोळीला नळीची थोडीच लांबी मिळते, मागच्या गोळीला जास्त. त्यामुळे दोघींचा वेग सारखा ठेवणे अवघड होते, आणि वेग बदलला की नेमही बदलतो. शिवाय पुढची गोळी पेटलीच नाही, तर मागच्या सगळ्यांची वाट अडते. मोटरच्या जोरावर फिरणारी व्हल्कन न पेटलेले काडतूस पुंगळीसारखेच बाहेर काढते आणि मारा चालू ठेवते. माझ्या दृष्टीने हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

मेटल स्टॉर्मच्या बाजूने सांगण्यासारखेही आहे. फिरत्या तोफेला पूर्ण गती घ्यायला क्षणभर लागतो, तो इथे वाचतो. झिजणारे भाग कमी असल्याने देखभालही कमी. हे गुण मोजक्या गोळ्यांच्या, हलक्या, रिमोटवर चालणाऱ्या शस्त्राला शोभतात, आणि कंपनीने पुढे ग्रेनेड लाँचरवर भर दिला तो योग्यच होता. तरीही २०१२ मध्ये कंपनी आर्थिक अडचणीत येऊन प्रशासकाच्या ताब्यात गेली.

आपल्या नौदलाच्या जहाजांवर दिसणारी रशियन बनावटीची एके-६३० हीसुद्धा फिरत्या नळ्यांचीच. नौदल सप्ताहात मुंबईला जाऊन युद्धनौका पाहणाऱ्यांनी तिच्याकडे नीट लक्ष द्यावे: बुटका घुमट, आत माणूस नाही, आणि ३० मिलिमीटरच्या सहा नळ्या एकाच जाड आवरणात बंदिस्त. आज निवड करायची झाल्यास मी कोणतीही शंका न ठेवता याच जातीची तोफ सुचवेन. मात्र ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाने येणारे क्षेपणास्त्र दीड किलोमीटरचे अंतर दोन सेकंदांच्या आत कापते आणि तेवढ्या वेळात हीसुद्धा अपुरी पडू शकते. आयएनएस विशाखापट्टणमवर एके-६३० च्या आधी शत्रूचे क्षेपणास्त्र दूरवरच पाडणाऱ्या बराक-८ क्षेपणास्त्रांची फळी ठेवली आहे ती यासाठीच.