काचेवर हाताने लिहून घ्यायचंय? पेंटर मामांनाच बोलवा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या दुकानाच्या काचेवर ‘शिलाई’ हा शब्द आता जसा दिसायला हवा तसा दिसतोय. आधी तो रेडियमचा होता. उन्हाने कडा उचलल्या होत्याच, पण मला खरा सलत होता तो त्यातला दंडाचा, हिंदी वळणाचा ‘ल’. दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही २०२२ मध्ये मराठी पाटी सक्तीची झाली, हे चांगलंच झालं. पण जिकडेतिकडे तोच ‘ल’ आला.

मामांना काही सांगावंच लागलं नाही. ‘ल’ पाकळीचा, ‘श’ देठाचा. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयात मराठीसाठी हीच वळणं आहेत. मामांच्या हाताला ती कितीतरी आधीपासून आहेत. आणि वेलांटी बघा! फॉन्टमध्ये ती बऱ्याचदा अधांतरीच थांबते. इथे ‘शि’ची वेलांटी बरोबर अक्षराच्या काठीवर येऊन टेकलीय.

काम काचेच्या आतून केलं, म्हणजे बाहेरून कुणी कितीही पुसलं तरी रंगाला धक्का नाही. बाहेरून खडूने दोरी मारली, खाका काढला. आतून तो उलटा दिसतो, त्यावरच ब्रश चालवायचा. रंगांचा क्रमही उलटा असतो. बाहेरून जे सगळ्यात वर दिसायला हवं ते आधी, म्हणून पहिल्यांदा बारीक काळी आऊटलाइन, मग पिवळा, सावलीचा तपकिरी शेवटी. काठीवर मनगट टेकवून मामांनी शिरोरेषा ओढली, तेव्हा ब्लाऊज न्यायला आलेल्या बायका पिशव्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

एक तक्रार आहे. फोन नंबर फार बारीक आलाय, रस्त्यापलीकडून वाचता येत नाही. तुम्ही खाक्यावरच तो जाड करून मागा. पैसे रेडियमपेक्षा बरेच जास्त जातात आणि एक रंग वाळल्याशिवाय मामा दुसऱ्याला हात लावत नाहीत. तोवर काचेजवळचे पुतळे हलवून ठेवावे लागतात, त्यामुळे लग्नसराईत हे काम काढू नका. भर पावसातही नको, ऑइल पेंट वाळता वाळत नाही. आतली बाजू नुसत्या मऊ ओल्या फडक्याने पुसायची, आणि अक्षरांवर चिकटपट्टी अजिबात लावायची नाही.

दुकानाची आडवी पाटी अजून फ्लेक्सची आहे. दिवाळीआधी तीही मामांकडूनच पत्र्यावर लिहून घेणार.