पाणीगळती सूचक यंत्र : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सांगलीत विश्रामबागला आमच्या घरी ओट्याखाली पाणी झिरपून ट्रॉलीचे प्लायवूड फुगले, तेव्हा पदविकेच्या प्रकल्पासाठी मी गळतीची सूचना देणारे साधे सर्किट निवडले. ९ व्होल्टची बॅटरी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, बझर आणि तांब्याच्या दोन पट्ट्या एवढाच त्याचा पसारा. पट्ट्यांमध्ये पाणी आले की त्यातून ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या टोकाला, अगदी थोडा प्रवाह मिळतो आणि बझर वाजतो.

बोअरच्या क्षारयुक्त पाण्याला ते पहिल्या दिवसापासून खणखणीत वाजले, पण आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वाहकताही कमी, आणि त्या पाण्याला आवाज जेमतेम येई. दुसरा बीसी ५४७ घेऊन डार्लिंग्टन जोडी केली (एकाने वाढवलेला प्रवाह दुसरा आणखी वाढवतो अशी जोडणी), तर जुलैच्या दमट हवेत थेंबभर पाणी नसतानाही बझर वाजू लागला आणि आईची दोनदा झोपमोड झाली. पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस व बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर जोडल्यावर तो त्रास पूर्ण थांबला.

सर्किटपेक्षा पट्ट्यांनीच मला अधिक शिकवले. सप्टेंबरमध्ये सिंकच्या पाइपाचा सांधा गळाला, यंत्र वेळेवर वाजले, ट्रॉली वाचली. मी बटण बंद केले. पण ते बटण फक्त बझरच्या वायरीत बसवलेले होते, त्यामुळे प्लंबर येईपर्यंत आठवडाभर ओल्या पट्ट्यांमधून प्रवाह वाहतच राहिला. विद्युत अपघटनाने धन बाजूचे तांबे विरघळते, हे पाठ्यपुस्तकात वाचलेले होते, तरी ती पट्टी हिरवट-काळी होऊन झिजलेली हातात घेतली तेव्हाच ते खरे समजले. आता बटण बॅटरीच्या वायरीत आहे आणि पट्ट्यांच्या जागी अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यात ५ मिलिमीटर अंतरावर स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू आहेत, त्यांची डोकी फरशीकडे. पाण्याचा थर पातळ असतो. संपर्क वरच्या बाजूला ठेवले, तर पाणी खालून निघून जाते.

जागा ठरवण्याआधी पेलाभर पाणी ओतून फरशीचा उतार पाहावा. बॅटरीऐवजी अ‍ॅडॉप्टर लावण्याचा सल्ला काहींनी दिला, परंतु ओल्या जागी २३० व्होल्टची वायर नेणे मला मान्य नाही. कोरडे असताना यंत्र जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, त्यामुळे पहिलीच बॅटरी अजून चालू आहे. मात्र बॅटरी संपली तरी यंत्र गप्पच राहील, म्हणून दर महिन्याच्या १ तारखेला मी स्क्रूंना ओले फडके लावून आवाज ऐकतो आणि स्क्रू कोरडे पुसून ठेवतो.