दोन सॅक, साडेसहा महिने आणि खताची पिशवी

गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी नागपूरच्या सीताबर्डीवरून दोन सॅक घेतल्या. यांच्यासाठी ५० लिटरची, माझ्यासाठी ४० लिटरची. एकाच देशी कंपनीच्या, मध्यम किमतीच्या, दोन्ही मिळून साडेआठ हजारांना. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढचं वाचून कुणाला वाटायचं की माझं तिच्याशी भांडण आहे. (थोडं आहे.)

यांनी व्हीआरएस घेतली, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, आणि मी दिवाळीनंतरची शिकवणीची बॅच घेतलीच नाही. मी ४९ वर्षांची, हे ५४. झिरो माइलच्या गावात जन्म काढलेल्या माणसाला रात्रभर गाडीत बसल्याशिवाय कुठल्याच दिशेला समुद्र दिसत नाही, म्हणून आधी बेटं बघायची ठरली. विमान आणि व्हिसा सोडून दोघांचा मिळून रोजचा खर्च २,५०० रुपयांत बसवायचा, हा यांचा नियम. शेवटी वहीत सरासरी २,७२० निघाली. वरचे २२० माझ्यामुळे गेले असं यांचं म्हणणं आहे.

निघायच्या आदल्या दिवशी भरलेल्या सॅक गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलल्या. यांची १४ किलो, माझी साडेअकरा. रद्दीवाला म्हणाला, "म्याडम, विकायच्या काय?" शेजारच्या काकू फाटकातून बघून राहिल्या होत्या. "काहून बाप्पा, घर बदलून राहिले का तुम्ही?" त्या दोघांचं तेव्हाच ऐकलं असतं तर पहिला दीड महिना सुखात गेला असता.

नागपूरहून जीटी एक्स्प्रेसनं चेन्नई आणि तिथून जहाजानं अंदमान. बाराशेच्या आसपास किलोमीटर आणि पाण्यावर तीन दिवस. आम्ही बंक क्लास घेतला होता, म्हणजे मोठ्या हॉलमध्ये दुमजली बाकांच्या रांगा. जहाजाचं वेळापत्रक पक्कं धरू नका, आमचं दोन दिवस पुढे गेलं आणि चेन्नईच्या लॉजचं भाडं वाढलं. जहाजावर सॅकचं काम एकच, उशी होणं, आणि तिथे मी तिला पैकीच्या पैकी गुण देते.

खरी परीक्षा पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर सुरू झाली. (सप्टेंबर २०२४ पासून नाव श्री विजय पुरम आहे, पण रिक्षावाले पोर्ट ब्लेअरच म्हणत होते.) धक्क्यापासून खोलीपर्यंत दीड किलोमीटर. चालू म्हटलं. पाचशे पावलांत माझे खांदे गेले, रिक्षा केली. हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला उतरलो तेव्हा पुन्हा रिक्षा. नील, म्हणजे शहीद द्वीपला पुन्हा तेच. सरकारी बोटीचं तिकीट काही शे रुपयांत मिळतं, खाजगी बोट दीड हजाराच्या घरात जाते. सरकारी तिकिटासाठी हे भल्या पहाटे फिनिक्स बेच्या धक्क्यावर रांगेत उभे राहायचे आणि तिथे वाचवलेले पैसे मी बेटावर उतरल्या उतरल्या रिक्षात घालायची. पंधरा दिवसांनी वही बघितल्यावर लक्षात आलं की आमच्या बजेटला सगळ्यात मोठं भोक सॅकच्या वजनानं पाडलंय. खोली स्वस्त होती, जेवण स्वस्त होतं. फक्त धक्क्यापासून खोलीपर्यंत आम्ही श्रीमंत होतो.

मग पोर्ट ब्लेअरच्या पोस्टातून साडेपाच किलोचं पार्सल नागपूरला धाडलं. यांच्या दोन जीन्स, इस्त्रीचे तीन शर्ट, कॅमेऱ्याची तिपाई, माझे चार ड्रेस आणि एक स्टीलचा डबा, ज्यात निघताना सासूबाईंनी दिलेले लाडू होते आणि आता नुसताच वास होता.

पण माझं दुखणं वजन उतरूनही कमी झालं नाही, कारण चूक सॅक निवडण्यातच होती. हे दुकानात कुणीच सांगितलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. सॅक लिटरवर घ्यायची नसते, पाठीच्या लांबीवर घ्यायची असते. मान खाली घातली की मागे जे हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावायचा. यांची पाठ ४९ सेंटीमीटर, माझी ४२. उंचीत आमच्यात चारच इंचांचा फरक आहे, त्यामुळे डोळ्यांना कळत नाही. दोन्ही सॅकचा मागचा सांगाडा सारखाच होता, यांच्या मापाचा. कमरेचा पट्टा हाडावर टेकला की बहुतेक भार खांद्यांवरून उतरून कमरेवर जातो, सगळी करामत ती. माझा पट्टा हाडाच्या खाली, मांडीच्या सांध्यावर येत होता. म्हणजे चालताना पाय अडायचा आणि भार जिथल्या तिथे खांद्यावर. डिसेंबरच्या शेवटी पंधरा दिवस नागपूरला आलो तेव्हा बर्डीवरच्या मोच्याकडे गेले. त्यानं माझी पाठ बघितली, सॅक बघितली, खांद्याचे पट्टे उसवून अडीच इंच खाली शिवले. १२० रुपये. त्यानंतर साडेसात किलो घेऊन मी तासभर सहज चालायला लागले. जे काम कंपनीनं तीन मापं काढून करायचं, ते त्यानं आरी-दोऱ्यानं वीस मिनिटांत केलं.

आता समुद्राचं. पावसासाठी सोबत आलेलं कव्हर हॅवलॉकच्या धक्क्यावर वाऱ्यानं उडून पाण्यात गेलं, चौथ्याच दिवशी. त्याचं वाईट वाटलं नाही, कारण पाऊस पाठीच्या बाजूनंही आत शिरतो आणि तिथे कव्हर नसतंच. खरं रक्षण आतल्या पिशवीनं केलं. काटोलला माझ्या भावाची संत्र्याची बाग आहे. त्याच्याकडच्या डीएपी खताच्या ५० किलोच्या गोण्यांमधल्या आतल्या प्लास्टिकच्या दोन पिशव्या, चारदा धुतलेल्या. सॅकमध्ये आधी ही पिशवी, मग त्यात सामान, वर पीळ देऊन रबर. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अंदमानला ईशान्य मोसमी पाऊस असतो, दोनदा नखशिखांत भिजलो, आतला एक रुमालसुद्धा ओला झाला नाही. परदेशी ड्राय बॅगची किंमत बघा आणि मग ओळखीतला शेतकरी शोधा.

चेनचा प्रश्न मात्र बिकट होता. चेनचे दात नायलॉनचे, त्यांना काही होत नाही. पण त्यांच्यावरून सरकणारा धातूचा रनर खाऱ्या हवेत गंजतो. नीलच्या मुक्कामात तिसऱ्या आठवड्यात यांच्या सॅकची मुख्य चेन अडकायला लागली. उपाय साधा आहे: रोज गोड्या पाण्याच्या ओल्या कपड्यानं पुसायची, वाळली की मेणबत्ती घासायची. तेल लावू नका, वाळू चिकटते. हे ज्ञान आम्हाला तेल लावल्यानंतर मिळालं.

आसाममधल्या माजुली बेटावर जानेवारीत मीठ नव्हतं, गाळ होता. जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून ब्रह्मपुत्रेतून बोट जाते. उतरल्यावर नदीनं सोडलेल्या वाळवंटातून चालायचं. ती वाळू आपल्या कन्हानच्या वाळूसारखी नाही, पिठासारखी आहे, चेनमध्ये बसली की चहा गाळल्यासारखा आवाज येतो. दात घासायचा जुना ब्रश तिथेच कामाला आला. माजुलीबद्दल सॅकच्या निमित्तानं एवढंच लिहिते की आम्ही पाच दिवसांसाठी गेलो आणि एकोणीस दिवस राहिलो. मिशिंग लोकांच्या खांबांवरच्या बांबूच्या घरात, रात्री खालून डुकरांचा आवाज. सामागुरी सत्रात, म्हणजे तिथल्या वैष्णव मठात, बांबूचा सांगाडा, कापड, माती आणि शेण यांचे मुखवटे करतात, ते बघायला हे तीन वेळा गेले. जगातलं सगळ्यात मोठं नदीबेट म्हणून गिनीजमध्ये नाव, २०१६ पासून जिल्हा, आणि नदी ते दरवर्षी खातेय. आता ते मूळच्या निम्म्याहून कमी उरलंय. घरमालकीण बोटानं नदीच्या मधोमध दाखवून म्हणाली, आमचं जुनं घर तिथे होतं.

मार्चमध्ये नागपट्टिनमहून बोटीनं श्रीलंका. ही बोट ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत बंद असते, आम्ही गेलो तेव्हा नुकतीच पुन्हा चालू झाली होती. चारएक तासांत कांकेसंतुराई. जाफनात चार दिवस आणि तिथून डेल्फ्ट बेट. कुरिकट्टुवानच्या धक्क्यावर जाणाऱ्या बसमध्ये गर्दीत कुणाचा तरी पाय पडला आणि माझ्या कमरेच्या पट्ट्याचं बक्कल तडकलं. साडेचार महिन्यांचं आयुष्य. डेल्फ्टला प्रवाळाच्या दगडांच्या कुंपणांमधून मी पट्ट्याला गाठ मारून फिरले. मोकाट घोडी होती, डच किल्ल्याचे अवशेष होते, ऊन मात्र मेच्या नागपूरसारखं. यांनी दुपट्टा डोक्याला गुंडाळून टाकला तर जाफनाच्या पोरांना फार गंमत वाटली.

कंपनीला मेल केला. उत्तर आलं, वॉरंटी फक्त उत्पादनातल्या दोषाला, सॅक स्वखर्चानं पाठवा, तपासायला तीन आठवडे. म्हणजे तीन आठवडे मी सामान काय पदरात बांधून फिरायचं? जाफनाच्या बाजारात नवं बक्कल मिळालं, भारतीय साठएक रुपयांत. तेच अजून आहे.

श्रीलंकेतच दुसरी भानगड उघडली. सॅकच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. सततच्या दमट हवेत तो हवेतलं पाणी शोषून तुटत जातो. आधी चिकट होतो, मग वास मारतो, मग दुधाच्या सायीसारखे पापुद्रे निघतात. एला गावातल्या खोलीत यांनी सॅक उलटी केली तर पांढरा भुगा. मला वाटलं लाडूचं पीठ. नागपूरच्या कोरड्या हवेत ही सॅक कपाटात पाच वर्षं टिकली असती, बेटांवर पाच महिन्यांत आतून सुटली. औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणून सगळा थर पुसून काढला. खताची पिशवी होती म्हणून काही बिघडलं नाही.

पण एक कौतुक. कँडीहून एलाला जाणाऱ्या गाडीत, तिसऱ्या वर्गात, सातएक तास दाराशी उभं राहावं लागलं. पट्टिपोला हे त्या मार्गावरचं सर्वांत उंच स्टेशन, १,८९८ मीटरवर. चहाचे मळे, ढग खिडकीतून आत. यांची सॅक उभी करून मी तिच्यावर बसले आणि ती बसली नाही. आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खणखणीत आहेत. रूळ आपल्याइतकेच रुंद, १,६७६ मिलिमीटर. ही माहिती यांनी त्या सात तासांत मला तीनदा दिली.

मे महिन्यात बाली, तिथून पडांगबाईच्या फेरीनं लोंबोक, आणि शेवटी गिली बेटं. विमानात माझी ४० लिटरची सात किलोच्या आत बसली, हातात गेली. यांच्या ५० लिटरच्या सॅकचे वेगळे पैसे भरावे लागले. तिथेच ठरलं, पुन्हा घ्यायची वेळ आली तर दोघांना ४० लिटरच. लिटर जास्त असले की घरातली वस्तू आपोआप आत जाऊन बसते. बांग्सलच्या धक्क्यावरून गिली एअरला जाताना तर गुडघाभर पाण्यातून बोटीत चढायचं होतं. हे सॅक डोक्यावर घेऊन चालत गेले, आता ती आठ किलोची होती. गिलीवर मोटारगाड्या नाहीत, घोडागाडी आहे. घोडागाडीवाला भाव सांगायला आला. आम्ही हात हलवून चालत निघालो. अंदमानच्या सगळ्या रिक्षांचं उट्टं निघालं.

बाकी किरकोळ. खिशांची जाळी उत्तम, पाण्याची बाटली एकदाही पडली नाही. पाठीला हवा लागते असं लेबलवर लिहिलंय, दमट हवेत तो दावा विसरा. टॉवेल म्हणून मायक्रोफायबरचा घेतला होता, तो दोन दिवसांत कुबट व्हायचा, पंचा तासाभरात वाळायचा. २०,००० एमएएचची पॉवर बँक नेलीत तर विमानात ती हातातल्या सामानातच ठेवा, खाली देता येत नाही. सावजी मसाल्याचं पाकीट माजुलीत संपलं, अर्धा किलो अजून न्यायला हवं होतं.

पाचपैकी किती? माझ्या सॅकला, मोच्याच्या शिलाईसकट, साडेतीन. शिलाईविना दोन. यांच्या सॅकला अडीच, आणि हे म्हणतात तीन. ती बसायला चांगली होती म्हणून मीही भांडत नाही. डोंगरात आठवडाभर जाणाऱ्यांनी खुशाल घ्यावी. चार-पाच महिने समुद्राकाठी काढायचे असतील तर दुकानात बाकी काही बघू नका, चेन उलटसुलट ओढून बघा आणि कमरेचा पट्टा हाडावर टेकतो का ते पाच किलो भरून बघा. दुकानदार भरायला काही देत नसेल तर संत्री विकत घ्या आणि तीच भरा.

यांच्या सॅकची मुख्य चेन आता पूर्ण गेली आहे. कालच बर्डीवर मोच्याकडे टाकली. त्यानं आत हात घालून बोटं चोळली, वास घेतला आणि विचारलं, "कुठं पाण्यात बुडवून आनली काय जी?" नवी चेन टाकायचे २०० सांगितले. मंगळवारी देतो म्हणाला, आणि आतली खताची पिशवी आमची आहे का ते विचारून, चार घड्या करून, आमच्या हातात परत दिली.