जुन्या एस्कॉर्टमधील हलके फ्लायव्हील आणि पॅडल क्लच: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझी गाडी 1978 सालची फोर्ड एस्कॉर्ट मार्क टू, आरएस 2000 आहे. एस्कॉर्टचे नाव निघाले की फोर्डने 1979 साली मिळवलेले जागतिक रॅली स्पर्धेतले निर्मात्यांचे विजेतेपद आणि 1981 साली आरी वातानेनने मिळवलेले चालकांचे विजेतेपद आठवते. पण त्या गाड्यांत सोळा व्हाल्व्हचे बीडीए इंजिन होते. माझ्या गाडीत एकाच कॅमशाफ्टचे (व्हाल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे), 1993 सीसीचे साधे पिंटो इंजिन आहे. मागच्या मालकाने त्यावर जोड कार्ब्युरेटर आणि तीव्र कॅमशाफ्ट चढवला होता, त्यामुळे ताकद मूळच्यापेक्षा बरीच वाढलेली होती आणि 215 मिलिमीटरचा मूळ क्लच ती पेलत नव्हता. चढावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की आरपीएमचा काटा वर जाई आणि गाडी मात्र होती त्याच वेगात राही. गिअरबॉक्स उतरवायचाच आहे तर फ्लायव्हील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकावरचे जड चाक, तेही बदलू, असा विचार करून मी अखंड पोलादातून कोरलेले हलके फ्लायव्हील, जास्त दाबाची प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) आणि चार पॅडलची, म्हणजे धातूची भुकटी भाजून बनवलेल्या चार तुकड्यांची, सिंटर्ड क्लच प्लेट असा संच घेतला. बनवणाऱ्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्यांपैकी बहुतेक माझ्या निवडीच्या आणि माझ्या हातच्या चुकांच्या आहेत.

जुने फ्लायव्हील माझ्या काट्यावर 9.6 किलो भरले, नवे 5.1 किलो. साडेचार किलोंचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. गाडीतले सुटे चाक काढले तर त्याहून जास्त वजन कमी होईल. पण फ्लायव्हीलचे वजन गाडी नुसती वाहून नेत नाही, ती ते फिरवते, आणि फिरणाऱ्या वस्तूत वजन किती आहे यापेक्षा ते मध्यापासून किती दूर आहे याला जास्त महत्त्व असते. चांगल्या हलक्या फ्लायव्हीलमध्ये धातू कमी केलेला असतो तो कडेचा, जिथे तो सर्वांत महाग पडतो. कमी झालेले वजन सरासरी अकरा सेंटिमीटर त्रिज्येवर होते असे धरून मी हिशेब मांडला. पहिल्या गिअरचे प्रमाण 3.65, डिफरन्शिअलचे 3.54, टायरची त्रिज्या सुमारे 29 सेंटिमीटर. एकूण प्रमाणाचा वर्ग धरावा लागत असल्यामुळे पहिल्या गिअरमध्ये हा फरक गाडीतून शंभरेक किलो उतरवल्यासारखा ठरतो, दुसऱ्यात तो तीसेक किलोंवर येतो आणि चौथ्यात जेमतेम आठ किलोंवर. नऊ महिन्यांत गाडी चालवताना नेमके हेच जाणवले. खालच्या दोन गिअरमध्ये गाडी ओळखू येत नाही इतकी चपळ झाली आहे, तर चौथ्यात काही बदलले आहे हे डोळे मिटून बसलेल्या सहचालकाला सांगता येणार नाही. हलक्या फ्लायव्हीलने ताकद वाढते असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. स्थिर वेगात इंजिन पूर्वीइतकीच ताकद देते, फक्त वेग बदलताना स्वतःला फिरवण्यात त्यातली कमी खर्च करते.

मूळ ओतीव फ्लायव्हील लेथवर उतरवून हलके करण्याचा स्वस्त मार्ग काही जण सुचवतात. तो मी टाळला. 29 सेंटिमीटर व्यासाचे चाक 7000 आरपीएमला फिरत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला शंभर मीटरहून अधिक, म्हणजे ताशी 380 किलोमीटरच्या आसपास असतो. ओतीव लोखंड ताणाला कमकुवत असते, आणि जुन्या फ्लायव्हीलवर उष्णतेने पडलेल्या केसासारख्या भेगा असतील तर ते फुटून बेल हाउसिंग (क्लचभोवतीचे कवच) फोडून चालकाच्या पायांपर्यंत येऊ शकते. या एका ठिकाणी काटकसर करू नये.

बसवण्याचे काम मी आणि माझ्या एका मित्राने दोन दिवसांत केले. प्रोपेलर शाफ्ट ओढून काढला की गिअरबॉक्सच्या शेपटातून तेल वाहू लागते, म्हणून आधी तेल काढून घ्यावे. ही गोष्ट वाचून माहीत असूनही माझी एक बाही भिजलीच. गिअर लिव्हर आतून काढायची, स्टार्टर सोडवायचा, बेल हाउसिंगचे बोल्ट काढायचे आणि गिअरबॉक्स सरळ रेषेत मागे घ्यायचा. तो इनपुट शाफ्टवर (क्लच प्लेटमध्ये शिरणाऱ्या त्याच्या दांड्यावर) लोंबकळत ठेवला तर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो आणि मग केबलचा ताण कितीही बदलला तरी क्लच नीट सुटत नाही. जुने फ्लायव्हील उतरवल्यावर क्रँकशाफ्टच्या मागचे ऑइल सील आणि इनपुट शाफ्टचे टोक धरणारे मधले स्पायगॉट बेअरिंग दोन्ही बदलली. पुन्हा तिथपर्यंत पोहोचायला अख्खा दिवस जातो, तेव्हा जुने सील चांगले दिसते म्हणून ठेवण्यात शहाणपण नाही. फ्लायव्हीलचे बोल्टही नवेच घेतले, धाग्यांना लॉकिंग द्रव लावला आणि टॉर्क रेंचने आमनेसामनेच्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळले.

यानंतर मित्राने डायल गेज (अगदी बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मापक) लावण्याचा आग्रह धरला. मला ते अतीच वाटत होते. गेजची टोकदार दांडी घर्षणपृष्ठाच्या कडेवर टेकवून क्रँक हाताने फिरवला, तर काटा एका बाजूला मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाइतका सरकत होता. फ्लायव्हील पुन्हा उतरवले. क्रँकच्या फ्लँजवर, एका बोल्टच्या छिद्राशेजारी, जुन्या गंजाचा नखाएवढा पापुद्रा चिकटलेला होता, डोळ्यांना दिसत नव्हता पण बोटाला लागत होता. तो तेलदगडाने घासून काढल्यावर काटा जवळजवळ हलेनासा झाला. तो पापुद्रा राहिला असता तर दर फेऱ्याला प्लेट एका बाजूने आधी टेकली असती आणि क्लच सोडताना येणाऱ्या थरथरीचा दोष मी महिनोन्महिने बनवणाऱ्याला देत बसलो असतो.

नव्या फ्लायव्हीलचे घर्षणपृष्ठ जुन्यापेक्षा दोन मिलिमीटर इंजिनच्या बाजूला होते. त्यामुळे प्रेशर प्लेटच्या डायाफ्रामची (तिच्या चपट्या स्प्रिंगची) बोटेही रिलीज बेअरिंगपासून, म्हणजे पेडल दाबल्यावर ती बोटे ढकलून क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगपासून, तेवढीच दूर गेली आणि क्लच केबलचा समायोजनाचा बराचसा आटा तिथेच खर्च झाला. हे माप बसवण्यापूर्वी घेणे पाच मिनिटांचे काम आहे. मी ते गाडीखाली झोपून, केबल पुरत नाही असे दिसल्यावर घेतले.

पहिल्या महिन्यात मोठी चूक माझ्याकडून झाली. नवी प्लेट आणि नवे पृष्ठ एकमेकांना बसेपर्यंत जोरात चालवू नये हा नियम मी पाळला, सुमारे आठशे किलोमीटर शांतपणे चालवले, पण त्यानंतर केबलचा मोकळा खेळ (बेअरिंग बोटांना टेकण्यापूर्वीची ढिलाई) तपासला नाही. प्लेट झिजली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने सरकते आणि डायाफ्रामची बोटे उलट्या दिशेने, म्हणजे रिलीज बेअरिंगकडे येतात, तीही झिजेच्या तिप्पट-चौपट अंतराने. सुरुवातीला प्लेट बसताना अगदी थोडी झीज झाली आणि ठेवलेला खेळ संपला. बेअरिंग बोटांवर सतत टेकून फिरू लागले. आधी गरम झाल्यावर एक बारीक शीळ ऐकू येऊ लागली, जी क्लचवर पाय टेकवला की बदलत असे, आणि मग एका चढावर नवा कोरा, जास्त दाबाचा क्लच घसरला. क्षणभर संचच निकृष्ट निघाला असे वाटले. केबलची नट तीन फेरे सैल केली आणि घसरणे थांबले, पण शीळ पूर्ण गेली नाही. बेअरिंगला बसायचा तो मार बसला होता.

आता पॅडल प्लेटविषयी. सिंटर्ड धातूचे तुकडे उष्णतेला उत्तम टिकतात आणि नेहमीच्या सेंद्रिय अस्तरापेक्षा घट्ट पकडतात, पण पकडतात ते एकदम. पूर्ण सुटलेला आणि पूर्ण जोडलेला यांच्यामधली जागा पेडलच्या प्रवासात जवळजवळ बोटभर उरते. हलके फ्लायव्हील ही अडचण दुप्पट करते, कारण गाडी हलवताना जुने जड चाक जी साठवलेली ऊर्जा द्यायचे ती आता नसते. थांबलेली गाडी चढावर हलवताना 2500 आरपीएमच्या खाली क्लच सोडला की इंजिन बंद, वर सोडला की धक्का. हाफ क्लचवर रेंगाळून चालवण्याची सवय असलेल्या माणसाने ही प्लेट घेऊच नये, कारण रेंगाळल्यास ती गचके देते आणि फ्लायव्हीलचे पृष्ठ निळे पडू लागते.

कच्च्या रस्त्यावर तर माझी फजितीच झाली. अरुंद वळणावर हातब्रेक ओढून मागची चाके अडवायची, तेवढा वेळ क्लच दाबून ठेवायचा आणि गाडीचे तोंड वळताच क्लच सोडून रेस द्यायची, ही जुनी पद्धत. जड फ्लायव्हील असताना त्या सेकंदभरात उजवा पाय थोडा सुटला तरी इंजिन तग धरत असे. आता पाय किंचित उचलला की आरपीएम दगडासारखा खाली येतो. एकाच सकाळी, एकाच वळणावर, दोनदा इंजिन बंद पडले आणि गाडी रस्त्याला आडवी उभी राहिली. उपाय म्हणजे हातब्रेक ओढतानाही अ‍ॅक्सिलरेटर स्थिर धरून ठेवणे. ही सवय लागायला मला दोन महिने लागले. तसेच खडीवर चाके फिरू लागतात तीही आता अचानक, आणि उजव्या पायाला पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक काम करावे लागते. याउलट गिअर खाली टाकताना ब्रेकवर पाय ठेवून टाचेने रेस देणे इतके सोपे झाले आहे की तेवढ्यासाठी हे फ्लायव्हील मी पुन्हा घेईन: टाच टेकवायचा अवकाश, इंजिन हवे तिथे येऊन थांबते.

पाचव्या महिन्यात मी गिअरबॉक्स पुन्हा उतरवला. रिलीज बेअरिंग तर बदलायचेच होते, सोबत पॅडल प्लेट काढून त्याच व्यासाची, मध्यभागी स्प्रिंग असलेली, सेंद्रिय अस्तराची प्लेट टाकली आणि प्रेशर प्लेट तीच ठेवली. पॅडल प्लेटचा मध्य स्प्रिंगशिवायचा, घट्ट होता, त्यामुळे इंजिनचा प्रत्येक ठोका सरळ गिअरबॉक्समध्ये जाई आणि न्यूट्रलमध्ये डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज येई. तो आता पुष्कळ कमी झाला आहे, पूर्ण गेलेला नाही. उरलेला हलक्या फ्लायव्हीलचा आहे आणि तो मान्य करावा लागतो. क्लच घसरत नाही. माझ्या इंजिनला पॅडल प्लेटची गरज मुळातच नव्हती, जास्त दाबाची प्रेशर प्लेट पुरेशी होती. पॅडल प्लेट वाईट नाही. ती अशा इंजिनासाठी आहे ज्याची ताकद सेंद्रिय अस्तराला खरोखर जाळते, आणि अशा चालकासाठी जो सुरुवातीच्या रेषेखेरीज क्लचला फारसा हात लावत नाही.

लहानसहान गोष्टींपैकी दोनच नोंदवतो. आयडल 850 वरून 1100 आरपीएमवर न्यावे लागले, नाहीतर कार्ब्युरेटरवर इंजिन थंडीत तगत नव्हते. आणि ज्यांना ऐतिहासिक गाड्यांच्या स्पर्धांत उतरायचे आहे त्यांनी एफआयए या जागतिक मोटार संघटनेच्या अपेंडिक्स के नियमांत आणि आपल्या मॉडेलच्या होमोलोगेशन (स्पर्धेसाठीच्या मान्यतेच्या) कागदांत फ्लायव्हीलविषयी काय लिहिले आहे ते खरेदीपूर्वी पाहावे, कारण गाडीच्या तांत्रिक पासपोर्टात न बसणारा भाग तपासणीत अडतो.

गेल्या आठवड्यात खालचे आवरण काढून आत पाहिले. फ्लायव्हीलवर निळे डाग नाहीत, रिंग गिअरचे (स्टार्टर ज्यात अडकतो त्या कड्याचे) दात शाबूत आहेत, बोल्टच्या डोक्यांवर मी पांढऱ्या रंगाने मारलेल्या रेघा जागच्या जागी आहेत. केबलचा खेळ मात्र पुन्हा अर्ध्यावर आला होता; नट दीड फेरा फिरवली.