दहा वर्षांवरच्या मुलांचं स्वतःच्या सहीचं बचत खातं: लेकीला काढून दिलं, कसं आहे ते सांगते

आमच्याकडे राखी, भाऊबीज, वाढदिवस आणि गणपतीत आलेले पाहुणे जाताना हातावर टेकवतात ते, असे मिळून मुलांकडे वर्षाला बऱ्यापैकी पैसे जमतात, आणि ते सगळे "दे माझ्याकडे, मी ठेवते" म्हणून आईच्या पर्समध्ये जातात. तिथून ते परत आल्याचं महाराष्ट्राच्या इतिहासात तरी कुठे नोंदलेलं नाही. लेक आठवीत गेली तेव्हा म्हटलं आता हिचे पैसे हिच्याच नावावर जाऊ देत. मग सांगलीतल्या एका सहकारी बँकेत तिचं स्वतः चालवायचं खातं काढलं. नाव लिहीत नाही कारण काही तक्रारीपण आहेत, आणि तसंही हा रिव्ह्यू त्या बँकेपेक्षा या प्रकारच्या खात्याचा आहे.

आधी नियम सांगते कारण बँकेतल्या निम्म्या लोकांनाच तो धड माहीत नव्हता. मूल दहा वर्षांचं झालं की त्याला स्वतःच्या नावानं, स्वतःच्या सहीनं बचत खातं आणि एफडी काढता येते, आईबाबांची सही प्रत्येक वेळी लागत नाही. रिझर्व्ह बँकेनं हे २०१४ मध्येच सांगितलेलं, नंतर एप्रिल २०२५ मध्ये नवीन सर्क्युलर काढून १ जुलै २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी आपापले नियम त्याप्रमाणे करून घ्या म्हणाले, त्यात सहकारी बँकापण आल्या. किती रकमेपर्यंत, एटीएम कार्ड द्यायचं का, चेकबुक द्यायचं का, हे मात्र ज्या त्या बँकेवर सोडलंय. एक गोष्ट पक्की, खातं मायनसमध्ये जाऊ द्यायचं नाही, म्हणजे ओव्हरड्राफ्ट वगैरे भानगड नाही. आमच्या बँकेत बॅलन्स १ लाखाच्या वर नको आणि दिवसाला २००० च्या वर काढायचे नाहीत असं आहे, जे आम्हाला भरपूर झालं.

कागदपत्रं जन्मदाखला, आधार, दोन फोटो आणि माझे स्वतःचे केवायसीचे कागद. पॅन नव्हतं तर फॉर्म ६० भरून घेतला. यात काही विशेष नाही, झेरॉक्सवर सह्या करकरून हात दुखतो एवढंच.

खरी मजा सहीची. घरी वहीच्या मागच्या पानावर हिनं चार-पाच प्रकारच्या सह्या करून बघितलेल्या, त्यातली एक तर एवढी वळणदार की मलाच वाचता येईना. बँकेत गेल्यावर तिनं मराठीत सही केली तर काउंटरवरचे म्हणाले "वहिनी, इंग्लिशमध्ये करायला सांगा की, पुढं बरं पडतं." मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली "काका, मी मराठीतच करणार." झालं. पण पुढे पहिल्यांदा पैसे काढायला गेली तेव्हा स्लिपवरच्या सहीत आडनावाची रेघ विसरली आणि स्लिप परत आली! पाचशे रुपये स्वतःचे, समोर ड्रॉवरमध्ये नोटा दिसतायत, आणि मिळेनात. त्या माणसानं मात्र चांगलं केलं, कॉम्प्युटरची स्क्रीन तिच्याकडे वळवून तिची जुनी सही दाखवली, "ही बघ बाळ, तू अशी केलीयस आणि आता अशी केलीस, उद्या दुसरं कोणी आलं तुझी सही करून तर मी द्यायचे का पैसे?" घरी मी शंभरदा सांगितलं असतं तरी ते डोक्यात गेलं नसतं. आकडा लिहून झाल्यावर पुढे रेघ मारायची, अक्षरी लिहिताना जागा सोडायची नाही, स्लिप कोरी सही करून ठेवायची नाही, हे सगळं तिथेच उभ्या उभ्या शिकून झालं.

आता पासबुक. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सगळ्यात भारी वस्तू हीच. मोबाईलवर बॅलन्स दिसतो तो नुसता आकडा असतो, पासबुकात ओळीखाली ओळ येते आणि कुठे काय गेलं ते पोरांना बोट ठेवून दाखवता येतं. मैत्रिणीच्या वाढदिवसाला ३००, मग परत ३००, मग ४००, ते छापून आल्यावर ती स्वतःच म्हणाली आई हे काय गं वाढदिवसच चाललेत नुसते. मी गप्प बसले, मला काही सांगायचीच गरज नव्हती.

आणि व्याज. हिला वाटलेलं बँकेत पैसे ठेवले की वाढतात, शाळेत सरळव्याजाची गणितं असतात ना द.सा.द.शे. १० आणि १२ वाली, त्यामुळे अपेक्षा मोठ्या. बचत खात्याला अडीच टक्के. खात्यात साधारण १८०० रुपये पडून होते, तिमाहीचे व्याज आले ११ रुपये. तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्याच पानावर खालच्या ओळीत एसएमएस चार्जेस १७ रुपये ७० पैसे कापलेले! १५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे तीन महिने पैसे ठेवून हिला पावणेसात रुपयांचा तोटा, आणि गंमत म्हणजे ते एसएमएस येतात माझ्या नवऱ्याच्या नंबरवर. पोरगी जी काही पेटलीये म्हणता.

मी म्हटलं चिडून काय होणार, अर्ज लिही. आठवीच्या मराठीच्या पेपरला औपचारिक पत्र असतंच, प्रति माननीय शाखाधिकारी, विषय, महोदय, ते सगळं बरोब्बर लिहून काढलं, पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवून त्यावर आवक शिक्का मारून घेतला (हे मी सांगितलं, शिक्क्याशिवाय अर्ज म्हणजे पत्रावळ). शाखाधिकारी आधी माझ्याकडे बघून बोलत होते, "मॅडम ते सिस्टीमनं कापलं जातं", मी म्हटलं खातं तिचं आहे तिच्याशी बोला. मग त्यांनी वाचलं अर्ज नीट, मायनर खात्याला हा चार्ज लागू नये असं त्यांच्याच दरपत्रकात आहे हे बोर्डावर हिनेच दाखवलं, आणि पुढच्या आठवड्यात १७.७० जमा. ती ओळ तिनं पासबुकात पेन्सिलनं गोल केलीये. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, १४४४८ नंबर आहे, हेही तिला सांगून ठेवलं, पण तशी वेळ आली नाही.

माझा मुद्दा हाच की पैशाची अक्कल यायला स्वतःच्या पैशावरचा हक्क आणि थोडासा त्रास, दोन्ही लागतं, आणि या खात्यात दोन्ही भरपूर आहे.

दिवाळीनंतर जमलेल्यातले ३००० तिनं एका वर्षाच्या एफडीत टाकले, ७ टक्के, तिमाही चक्रवाढ. वर्षानं साधारण ३२१५ मिळणार. पावती हातात घेऊन तिनं काउंटरवर विचारलं "काका, तुम्ही मला सात टक्के देताय मग लोकांना कितीने देता?" ते हसले, म्हणाले सोनेतारणाला एवढे, वैयक्तिक कर्जाला एवढे, चौदापर्यंत जातं. बँक चालते कशावर ते तिला तिथे कळलं. घरी येऊन क्रेडिट कार्डाचं विचारलं, मी माझं स्टेटमेंटच काढून दाखवलं, महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ च्या घरात. तेव्हापासून मी कार्ड काढलं की बाईसाहेब विचारतात, पूर्ण भरणार आहेस ना गं?

आता वाईट बाजू. बँकेची वेळ आणि शाळेची वेळ एकच. शाळा अकरा ते पाच, बँक त्याच्या आधीच बंद, दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, उरला पहिला आणि तिसरा शनिवार, त्यात एखादा क्लास आला की गेलं. मुलांसाठी खातं काढलंय म्हणता तर महिन्यातून एक तास संध्याकाळी काउंटर उघडा ठेवायला काय जातं. दुसरं म्हणजे एटीएम कार्ड. "येईल येईल" चालू आहे, अजून नाही. कार्ड नाही आणि खात्याला नंबर वडलांचा त्यामुळे यूपीआयपण नाही. तिसरं, माणसामाणसावर अवलंबून आहे, वर सांगितलेले काका रजेवर असले की दुसऱ्या बाई "आईला पाठव" म्हणतात, नियम दाखवला तरी.

सहकारी बँक म्हटलं की घरातून आजोबांचा प्रश्न आलाच, बुडली तर? प्रश्न रास्त आहे. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी या मुंबईतल्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १००० रुपये काढू देत होते, मुंबईतल्या रांगा सगळ्यांनी टीव्हीवर बघितल्यात. तेव्हा ठेवीवरचा विमा १ लाखाचाच होता, फेब्रुवारी २०२० पासून तो ५ लाख झालाय, मुद्दल आणि व्याज धरून, आणि सहकारी बँकांनापण लागू आहे. पण पतसंस्थेला नाही हं! आमच्या गल्लीत पतसंस्थेचा पिग्मीवाला येतो, रोज दारात येऊन दहा-वीस रुपये बचतीचे गोळा करतो, माणूस चांगला आहे आणि सवय लावायला पिग्मीसारखी गोष्ट नाही हेही खरं, पण पतसंस्थेतल्या पैशाला तो विमा नसतो हे लेकीला पाटीवरचं नाव वाचायला लावून सांगितलं. बँक आणि पतसंस्था दोन्हीकडे काउंटर सारखाच दिसतो, तिथेच लोक फसतात.

बाकी पर्याय पण बघितले होते. एक ते मुलांचं प्रीपेड कार्डवालं अॅप, मैत्रिणीच्या मुलाकडे आहे. कार्ड झकास दिसतं, खर्च केला की आईला लगेच नोटिफिकेशन, पण अॅप उघडलं की पहिल्या स्क्रीनवर पिझ्झ्याचा कॅशबॅक. बचत शिकवायला घेतलं आणि पोरगं ऑफर शोधायला शिकलं. मग एक दोन दिवसांचं उन्हाळी शिबिर, फी सणसणीत, गरज वेगळी आणि चैन वेगळी असा रंगीत तक्ता, आणि शेवटच्या तासाला पालकांना बाजूला घेऊन मुलांच्या नावे पॉलिसी. नमस्कार करून आलो. यूपीआय सर्कल पण आहे २०२४ पासून, आपल्या खात्यातून घरच्यांना खर्च करू द्यायचा, महिन्याला १५ हजार आणि एका वेळी ५ हजारपर्यंत. कॉलेजला बाहेरगावी असलेल्या मुलांना उपयोगी असेल. आठवीतल्या मुलीला नको, कारण तिथे संपतात ते आईचे पैसे, आणि आईचे पैसे मुलांच्या हिशेबी कधी संपतच नसतात.

पोस्टाचा विचार करायला हरकत नाही. तिथेही दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावानं खातं काढता येतं, ५०० रुपयांत, व्याज ४ टक्के, आणि महिना १०० रुपयांपासून पाच वर्षांची आरडी. आम्हाला बँक घराच्या कोपऱ्यावर म्हणून बँक. सुकन्या समृद्धी ही वेगळी गोष्ट, ते मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी आईवडलांनी चालवायचं खातं आहे, त्यातून मूल काही शिकत नाही, तेवढ्यासाठी हे छोटं खातं वेगळं हवंच.

काढणार असाल तर जायच्या आधी हे विचारून घ्या: मिनिमम बॅलन्स किती, एसएमएसचे पैसे कापतात का, कार्ड देतात का आणि किती दिवसांत, एफडी मोडली तर व्याज किती कमी करतात (आमच्याकडे एक टक्का), आणि अठरा पूर्ण झाल्यावर काय करायचं. तेव्हा सही परत नव्यानं द्यावी लागते आणि केवायसीपण, आपोआप काही होत नाही. आणि शक्यतो मुलाला घेऊनच जा विचारायला, बँकवाले त्याच्याशी बोलतात की तुमच्याशीच, तेवढ्यावरून शाखा कशी आहे ते कळतं.

मार्क द्यायचे तर खात्याला पाचपैकी साडेचार, आमच्या शाखेला तीन. त्यातला अर्धा सही दाखवणाऱ्या काकांचा. एटीएम कार्ड आलं तर त्याचं वेगळं लिहीन, सध्या त्यासाठी दुसरा अर्ज तयार होतोय, यावेळी मसुदा मला दाखवलेलासुद्धा नाही.