गोठवलेले जेवण: विकतचा ट्रे, अर्धतयार पदार्थ की घरचा डबा?

घोडबंदर रस्त्यावर, ऐरोलीत किंवा खारघरला राहून मुंबईत नोकरी करणाऱ्यांच्या घरी रात्रीच्या स्वयंपाकाला पुरेसा वेळ उरत नाही आणि फ्रीजरचा आधार घ्यावा लागतो. त्यात काय ठेवायचे याचे तीन पर्याय आहेत: भात-ग्रेव्हीचे संपूर्ण जेवण असलेला विकतचा ट्रे, पराठे किंवा अळूवडीसारखे अर्धतयार पदार्थ आणि सुट्टीच्या दिवशी घरी शिजवून गोठवलेले डबे. माझ्या मते वेळखाऊ, कष्टाचा भाग विकत घ्यावा, वरण-उसळी घरच्या गोठवाव्यात आणि संपूर्ण जेवणाचा ट्रे अडीअडचणीपुरताच ठेवावा.

या मतामागे चवीइतकेच गोठण्याचे शास्त्र आहे. कारखान्यात पदार्थ अतिशय थंड हवेच्या झोतात झपाट्याने गोठवतात, त्यामुळे त्यातील बर्फाचे स्फटिक बारीक राहतात. घरच्या फ्रीजरमध्ये त्याच पदार्थाला काही तास लागतात, स्फटिक मोठे होतात, पेशी फाटतात आणि बाहेर काढल्यावर पाणी सुटते. म्हणून मटार, मक्याचे दाणे आणि फ्लॉवर यांत कारखान्याचा माल सरस ठरतो. मसूर, मूग, छोले, राजमा मुळात मऊ शिजवायचेच असतात, त्यामुळे ते घरी गोठवले तरी फारसे काही बिघडत नाही. बटाटा रवाळ होतो, पनीर चिवट किंवा भुसभुशीत होते आणि दही, साय किंवा नारळाचे दूध घातलेला रस्सा फुटतो. हे तिन्ही घरच्या डब्यातून वगळावेत.

विकतच्या ट्रेची खरी अडचण अशी की भात, पनीर आणि ग्रेव्ही यांना लागणारी उष्णता वेगवेगळी असते आणि ट्रेमध्ये तिन्ही एकाच वेळी तापतात. भात कडेला वाळतो आणि मधली ग्रेव्ही थंडच राहते. वेळ असेल तर भात वेगळा काढून, चमचाभर पाणी शिंपडून, झाकण ठेवून गरम करावा. पनीरचे तुकडे दहा मिनिटे कढत पाण्यात ठेवले की पुष्कळ मऊ होतात. ग्रेव्ही कढईत उकळून थोडी आटवावी आणि वरून तुपाची ताजी फोडणी द्यावी: जिरे, ठेचलेला लसूण, हातावर चुरलेली कसुरी मेथी. मसाल्यातील सुगंधी तेले शिजवताना आणि साठवणीत उडून जातात, त्यामुळे ताज्या फोडणीने जो फरक पडतो तो आणखी मसाला घालून पडत नाही. शेवटी गॅस बंद करून लिंबू पिळावे. मिठाची मात्र वेगळी काळजी हवी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे आणि अशा एका जेवणात त्यातला मोठा वाटा संपू शकतो. वेष्टनावरील सोडियमचा आकडा वाचावा आणि ग्रेव्हीत बिनमिठाचे उकडलेले मटार किंवा फ्लॉवर घालून एकाचे जेवण दोघांना पुरवावे.

अर्धतयार पदार्थ मला सर्वांत समाधानकारक वाटतात, कारण त्यांचा शेवटचा टप्पा घरीच होतो. गोठवलेला पराठा सैल होऊ न देता थेट मध्यम तापलेल्या तव्यावर टाकावा. बाहेर ठेवला तर तो चिकट होऊन फाटतो. अळूवडीचे वाफवलेले उंडे अर्धवट सैल झाले की धारदार सुरीने काप सुबक पडतात, मग ते थोड्या तेलावर परतावेत. पानाला बेसन लावणे, गुंडाळणे, वाफवणे हे सारे कष्ट वाचतात आणि कुरकुरीतपणा ताजा मिळतो. समोसे आणि कटलेट तळताना वरचा बर्फ झटकून थोडे थोडेच सोडावेत, नाहीतर तेल उडते आणि एकदम गार पडते.

घरच्या डब्याचा मोठा फायदा खर्चात आणि मिठावरील ताब्यात आहे. हिवाळ्यात वाशीच्या घाऊक बाजारात मटार स्वस्त झाला की तो सोलून, उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून, लगेच बर्फाच्या पाण्यात काढून, कोरडा करून, ताटात पसरून गोठवावा आणि मगच पिशवीत भरावा. अशाने दाणे सुटे राहतात. वरण, उसळ पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रीजरमध्ये ठेवावी. आपल्या दमट हवेत ही मर्यादा ओलांडू नये. डब्यात वर थोडी जागा सोडावी, कारण पाणी गोठताना फुगते. फोडणी, कोथिंबीर आणि ओले खोबरे वाढण्याच्या दिवशीच घालावे. रात्री डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवावा, दुसऱ्या दिवशी खळखळून उकळावा आणि उरलेले पुन्हा गोठवू नये.

खरेदीत एक तपासणी आवश्यक आहे. सुट्या दाण्यांची पिशवी दगडासारखी एकसंध झाली असेल, तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठलेला असण्याची शक्यता मोठी असते. अशी पिशवी घरपोच आली तरी परत करावी. वीज गेली तर फ्रीजर उघडू नये. भरलेला स्वतंत्र कप्पा बंद राहिला तर सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला सुमारे २४ तास.

ज्यांच्याकडे एकदारी फ्रीज आहे त्यांनी वरचा सगळा हिशेब बदलावा. त्यातील बर्फाच्या कप्प्यात उणे १८ अंश सेल्सिअस टिकण्याची खात्री नसते, म्हणून आठवडाभराचे डबे तिथे साठवू नयेत. त्यांना बंद पाकिटातील तयार भाजी-डाळ अधिक योग्य ठरेल. ती सुमारे १२१ अंशांवर निर्जंतुक केलेली असते आणि न उघडता कपाटात टिकते. चव थोडी जास्त शिजल्यासारखी लागते, पण वर सांगितलेली फोडणी तिलाही तितकीच मानवते, आणि सोबतची पोळी जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून ताजी आणता येते.