तबला मशीन, अकरा महिन्यांनंतर

रियाजाला तबल्याची साथ देणारं हे मशीन सातव्या महिन्यात बंद पडलं. वॉरंटी वर्षाची, पण दुकानदार म्हणाला, अडॅप्टरमुळे सर्किट जळलंय, ते वॉरंटीत बसत नाही. अडॅप्टर त्याच खोक्यातून निघालेला! ५,८०० रुपयांच्या वस्तूचे दुरुस्तीला २,४०० घेतले, वर दीड महिना लावला. तो राग अजून आहे.

मुलगी नऊ वर्षांची. अभ्यासाला बसली की दहा मिनिटांत उठायची. गाण्याने एकाग्रता वाढते असं जो तो सांगायचा, म्हणून क्लास लावला आणि रियाजाला हे मशीन घेतलं. चौथ्या महिन्यापर्यंत मी भेटेल त्याला ‘घ्याच’ म्हणत होते. लय पक्की, ठेका स्वच्छ, पोरगी अर्धा तास जागची हलत नव्हती.

एकच गोष्ट खटकायची. तिच्या सोळा मात्रांच्या (ठोक्यांच्या) तीनतालातल्या बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, नवव्या मात्रेवरून उठतो. ती रोज एक मात्रा उशिरा उचलायची. मशीन दुरुस्तीला गेल्यावर क्लासच्या बाईंच्या लक्षात आलं. नवव्या मात्रेपासूनच्या ‘धा तिं तिं ता’मध्ये दहाव्या मात्रेला डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, घुमारा नसतो. ही मोजतच नव्हती, घुमारा जायची वाट बघत होती. तो गेला हे कळेपर्यंत नववी मात्रा हातची गेलेली.

मग दीड महिना हातावर ताल. १, ५, १३ ला टाळी, ९ ला खाली, म्हणजे टाळी न देता नुसता हात. पहिला आठवडा नुसती रडारड. तिसऱ्या आठवड्यात मुखडा जागेवर आला. आधी चुकली की थांबायची. आता हात चालूच ठेवते आणि पुढच्या समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, येऊन मिळते. मीच स्वयंपाकघरातून चुकून टाळी दिली तर ओरडते, “आई, खाली आहे!”

गणिताचे मार्क मात्र होते तिथेच आहेत. २०२० मध्ये ५४ अभ्यासांचं, जवळपास ७,००० मुलांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. गाणं-वाजवणं शिकणाऱ्या मुलांची तुलना दुसरं काही शिकणाऱ्या मुलांशी केली, तिथे बुद्धीला किंवा अभ्यासाला होणारा फायदा जवळजवळ शून्य निघाला. मार्कांसाठी क्लास लावू नका. पण आपलं लक्ष सुटलंय हे नऊ वर्षांच्या मुलीला स्वतःला कळतं आणि ती परत येते, हे मी रोज बघते. मला एवढ्यासाठीही फी महाग वाटत नाही.

आता आधी हातावर तालाची पाच आवर्तनं (पूर्ण फेऱ्या), मग मशीन. नव्याने शिकणाऱ्यांनी पहिलं वर्ष घेऊच नका. घेतलंत, तर अडॅप्टरची वॉरंटी बिलावर लिहून घ्या.